सरवा वेचणाऱ्यांचा चित्रकार

कापणी झाल्यावर शेतात जी कणसे मागे राहतात, त्यांना आपल्याकडे सरवा म्हणतात. तो वेचायला येतात त्या बहुधा स्वतःचे शेत नसलेल्या बायका. असल्या तीन बायकांना झाँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराने १८५७ साली पॅरिसच्या 'सलोन' या मानाच्या प्रदर्शनात आणले आणि टीकेचे मोहोळ उठले. फ्रान्समधील १८४८ ची क्रांती होऊन जेमतेम नऊ वर्षे लोटली होती. काही समीक्षकांना या वाकलेल्या पाठींमागे नव्या बंडाची सावली दिसली.

मिले बंडखोर होता का? तसे म्हणवत नाही. त्याने स्वतः समाजवादी असल्याचे नाकारले होते. तो १८१४ साली नॉर्मंडीतील ग्रुशी नावाच्या वाडीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि तरुणपणापर्यंत शेतात राबला. १८३७ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला आला. तेथे काही वर्षे व्यक्तिचित्रे व नग्नचित्रे काढून त्याने पोट भरले. पुढे १८४९ मध्ये त्याने फाँतेनब्लोच्या अरण्याकाठचे बार्बिझों हे खेडे जवळ केले. १८७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. पेरणारा, कुदळीवर टेकून दम खाणारा, सरवा वेचणाऱ्या, ही सारी माणसे त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती.

त्याच्या कीर्तीची कहाणी मात्र चमत्कारिक आहे. संध्याकाळच्या घंटेबरोबर शेतात प्रार्थनेला उभे राहिलेले जोडपे दाखवणारे 'आंजेल्युस' हे त्याचे चित्र १८६० साली १,००० फ्रँकला विकले गेले. १८८९ च्या लिलावात त्याच चित्राला ५,५३,००० फ्रँक आले! त्यातला एक छदामही मिलेच्या कुटुंबाकडे जाण्याची कायद्यात सोय नव्हती. चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला वा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, असा कायदा फ्रान्सने १९२० साली केला. त्यासाठीच्या वादात याच चित्राचा दाखला दिला जात असे.

पुढे 'आंजेल्युस'च्या छापील प्रती घरोघरी लागल्या. ज्याला एकेकाळी धोकेबाज ठरवले, तोच आता भाविक आणि भाबडा ठरला. मीही त्याला बरेच दिवस कॅलेंडरवरचा चित्रकार समजत होतो. पण व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये सें-रेमीच्या रुग्णालयात असताना मिलेच्या चित्रांवरून वीसएक चित्रे रंगवली, हे वाचले आणि मी थबकलो. एवढ्या मोठ्या कलावंताने त्या दिवसांत याचाच आधार का घ्यावा?

उत्तर मला 'सरवा वेचणाऱ्या' या चित्रातच सापडले. दूरवर धान्याच्या गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, घोड्यावर देखरेख करणारा माणूस आहे. पुढे या तिघी: दोघी कमरेतून पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. दया उत्पन्न करणारे अश्रू नाहीत, की रंगीबेरंगी वेशभूषेचे कौतुक नाही. आहे तो शरीराचा भार, आणि जमिनीपर्यंत पोचणारा हात.

स्केचिंगसाठी खेड्यात गेलो की आपण बैलगाडी, फेटा आणि नऊवारी चटकन टिपून आणतो. पाठ किती वाकली आहे, हे आपण पाहतो का? मिलेने ते पाहिले होते, कारण ती पाठ एकेकाळी त्याचीही होती.