कुत्र्याच्या पापण्या सुजल्या तर: घरातले थेंब घालण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांचे उरलेले थेंब कुत्र्याला घातले तर चालतील का?" वाशिम, रिसोड, मालेगावकडच्या शेतकरी घरांतून हा प्रश्न अधूनमधून येतो. मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचे निदान आणि उपचार पशुवैद्यकांनीच करायचे. पण ती थेंबांची बाटली बहुतेक वेळा माणसांच्या डॉक्टरने लिहून दिलेली असते आणि कुत्र्याचे तोंड पुसणारे हात तुमच्या घरातल्या मुलांचे असतात. त्यामुळे याचे उत्तर देणे माझेही काम आहे.

उत्तर आहे: नाही, घालू नका.

थेंबांनी नेमके काय बिघडते?

लालसर, सुजलेल्या डोळ्यासाठी मेडिकलमधून मिळणाऱ्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असते. खोक्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड समजा. स्टेरॉइडने लाली आणि सूज लवकर उतरते, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटते. पण पापणी सुजण्यामागे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला झालेली जखम असेल, तर स्टेरॉइड ती जखम भरू देत नाही आणि जंतूंना मोकळे रान मिळते. जखम खोल जाऊन पडद्याला भोकही पडू शकते. वरून डोळा बरा दिसत असतानाच आतून तो जात असतो. पशुवैद्यक डोळ्यात फ्लुओरेसीन नावाचा रंग टाकून पाहतात. जखम असेल तिथे हिरवा डाग उमटतो. ही तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड घालायचे नसते. माणसातही नियम हाच आहे, फक्त तो पाळला जात नाही.

आपल्या भागातली नेहमीची कारणे

पावसाळा सरला, गवत वाळले की कुसळांचे दिवस सुरू होतात. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात. त्यामुळे ते एकदा शिरले की पुढेच सरकते. बांधावरून किंवा पडीक रानातून फिरून आलेल्या कुत्र्याने अचानक एकच डोळा घट्ट मिटून घेतला, पाणी गळू लागले, पंजाने डोळा चोळू लागले, तर आधी कुसळाचा संशय घ्या. कुत्र्याला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. कुसळ तिच्यामागे लपते आणि वरून पाहून काही दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

फवारणी झालेल्या सोयाबीन-तुरीतून आलेल्या कुत्र्याचे दोन्ही डोळे एकदम लाल होऊ शकतात. लाळ गळणे, थरथर, उलटी अशी लक्षणे सोबत असतील तर ती विषबाधा असू शकते. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यास पापणी काही मिनिटांत फुगते. तोंडही सुजले आणि श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

हळूहळू वाढणाऱ्या त्रासाची कारणे वेगळी असतात. पिल्लाच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखे केस गेले असतील तर बहुधा डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा कारणीभूत असतो. पापणीला गोचीड चिकटते. जंतुसंसर्गाने पापणीच्या कडेला पू आणि खपल्या येतात. पग, लॅब्रॅडॉर यांसारख्या जातींत पापणी आत वळून केस बुबुळाला घासतात. तिथे थेंबांनी भागत नाही, छोटी शस्त्रक्रिया लागते. कोपऱ्यात गुलाबी गोळा बाहेर आला असेल तर तो मांसाचा फोड समजून कापू नका. ती अश्रूंची ग्रंथी असते आणि ती काढली तर डोळा कायमचा कोरडा पडू शकतो.

मांजरात सर्दीच्या विषाणूंमुळे डोळे चिकटतात. सशात दाताची मुळे वाढून अश्रूंची नळी दबते, म्हणून डोळा गळणाऱ्या सशाचे दातही तपासावे लागतात. कळपातल्या दोन-तीन शेळ्यांचे डोळे एकाच वेळी आले तर त्या वेगळ्या बांधा, कारण तो आजार पसरतो.

दवाखान्यात नेईपर्यंत

उकळून गार केलेले पाणी किंवा नॉर्मल सलाइन घ्या. स्वच्छ कापसाने चिपडे भिजवून हलकेच पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा वापरा. औषध उडाले असेल तर पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडा. डोळ्यात रुतलेले काहीही स्वतः ओढू नका. हळद, तुरटी, कांद्याचा रस यांतले काही घालू नका. वेदना कमी व्हाव्यात म्हणून आपली गोळीही देऊ नका: पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना इजा करतात.

घरातल्या माणसांना लागण होते का?

बहुतेक वेळा नाही. घरातल्या मुलाचे डोळे आले असतील तर ते सहसा माणसाकडूनच आलेले असतात. डेमोडेक्स कुत्र्याकडून माणसाला होत नाही. नायटा मात्र होतो. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पापणीजवळ केस गेलेला गोल चट्टा आणि तुमच्या मुलाच्या हातावर तसाच चट्टा दिसला, तर दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या. इथेही मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब नको; तिने नायटा दबतो आणि पसरतो. कुत्र्याची खरूज माणसाला खाज आणते, पण त्या किड्याची माणसाच्या कातडीवर वाढ होत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की खाज थांबते.

खरी काळजी रेबीजची. डोळा दुखत असलेले घरचे, गरीब स्वभावाचे कुत्रेही चावते. म्हणून तपासताना तोंड मऊ पट्टीने बांधा (श्वास लागलेल्या किंवा उलटी होत असलेल्या जनावराचे मात्र बांधू नका) आणि मुलांना लांब ठेवा. दात किंवा नख लागले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लाळ तुमच्या डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेवर उडाली तर तेही गंभीर धरले जाते आणि लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागते. सरकारी दवाखान्यात त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. तिसऱ्या डोसनंतर लोक येणे बंद करतात, तसे करू नका.

कुठे न्यायचे?

ज्याला आपण ढोरांचा दवाखाना म्हणतो तिथे कुत्री-मांजरेही तपासतात. नेणे शक्य नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा. शस्त्रक्रिया किंवा बारकाईने तपासणी लागणार असेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा पर्याय आहे.

डोळा उघडतच नसेल, बुबुळ निळसर-पांढरे दिसत असेल किंवा रक्त येत असेल तर त्याच दिवशी जा. आधी काही थेंब घातले असतील तर ती बाटली सोबत न्या आणि शेवटचा थेंब कधी घातला ते न लपवता सांगा.