नक्षी जुनी, वाडगा नवा

इंद्रधनुषी झिलईचा कार्निव्हल काचेचा वाडगा दिसला की बहुतेक जण नक्षीवरून त्याचे साल ठरवतात. माझ्या मते घोळ इथेच होतो. नक्षी साच्यात असते, आणि साचे दशकानुदशके टिकतात. ओहायोतल्या इम्पीरियल कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीचे आपलेच साचे १९६० च्या दशकात पुन्हा वापरले. नक्षी तीच, वय मात्र निम्मे! म्हणून आधी वाडगा उलटा करा. एकमेकांत गुंफलेली 'आय' आणि 'जी' ही इम्पीरियलची अक्षरे १९५१ पासूनची, म्हणजे तो वाडगा पहिल्या काळातला नाहीच. फेंटन कंपनीने लंबवर्तुळातले आपले नाव कार्निव्हल काचेवर १९७० पासून उमटवले. १९८० च्या दशकात त्याखाली बारीक इंग्रजी आठचा आकडा आला.

कुणी म्हणेल, खूण नसली म्हणजे वाडगा जुना ठरला. तसे नाही. सुरुवातीच्या बऱ्याच मालावर खूण नसायची हे खरे, पण भाव वाढवण्यासाठी ती घासून काढणारेही आहेत. अशा जागी काच निस्तेज दिसते, बोटाला वेगळी लागते. तळाचे ओरखडेही भिंगाखाली बघा: वापरातले ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे आणि कमीजास्त खोलीचे असतात, सँडपेपरचे मात्र एकसारखे.