अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठात आपली लेक कशी जाते?

बचत गटाकडे शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या आया वाढल्या आहेत. "दोन लाख भरा, अमेरिकेत ॲडमिशन पक्की" असं कुणी सांगितलं, तर जमीन गहाण टाकण्याआधी हे ऐका.

ही वाट आपल्याला नवी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजाला पत्र लिहून आपलं शिक्षण किती कमी आहे आणि डॉक्टर का व्हायचंय, हे सरळ सांगितलं. कॉलेजने त्यांना घेतलं, शिष्यवृत्ती दिली. १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले.

आजही निवड केवळ टक्क्यांवर होत नाही. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांतून चार-पाचच जण घेतात. नववीपासूनचे गुण, परीक्षा, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि मुलीने स्वतः लिहिलेला निबंध, असं सगळं पाहतात. गटाचं रजिस्टर लिहिणारी, धाकट्यांना सांभाळून शिकणारी मुलगी निबंधात तेच लिहू शकते. घरकामही तिथे मोजलं जातं. ते लपवू नका.

आपण बारावीचा निकाल लागल्यावर फॉर्म भरतो. तिथे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच, साधारण १ जानेवारीपर्यंत जातो आणि निकाल मार्चमध्ये लागतो. म्हणून तयारी अकरावीतच सुरू करायची.

आता पैशाचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही विद्यापीठं परदेशी मुलांची निवड करतानाही घरात पैसा आहे की नाही, हे बघत नाहीत. निवड झाली की कुटुंबाला जेवढं झेपत नाही, तेवढं विद्यापीठ भरतं. ते परत करायचं नसतं. मात्र उत्पन्नाचे कागद इंग्रजीत लागतात. तहसीलचा दाखला आधीच काढून ठेवा. अर्जाची फी साधारण ७५ ते ९० डॉलर असते. परवडत नसेल तर माफी मागता येते. बाकीच्या बऱ्याच विद्यापीठांत मात्र पैशाची ऐपतही पाहतात. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या मुलामुलींना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी सोलापूरच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

एजंटचं काय? कोरियात मुलं रात्री उशिरापर्यंत शिकवणीला बसतात. २०१३ च्या मे महिन्यात तिथे सॅट परीक्षेचे प्रश्न फुटल्याचं उघड झालं आणि देशभरची परीक्षाच रद्द झाली. प्रामाणिक मुलांचाही घास गेला. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला निबंध किंवा खोटा दाखला सापडला, तर मिळालेली जागाही जाते. ॲडमिशनची हमी कुणीच देऊ शकत नाही. मुंबईत एज्युकेशनयूएसएच्या केंद्रात मोफत माहिती मिळते.

शंभरातल्या पंच्याण्णव मुलींना नकार येतो. त्यात मुलीचा दोष नसतो. म्हणून सोलापूर-पुण्याचे फॉर्मही भरायचेच. पण "आपल्यासाठी नाही" म्हणून अर्जच न करणं, हा नकार आपणच आपल्याला देतो. तो तेवढा देऊ नका.