बांधावरच्या अंबाडीचा थंडगार चहा : घरी कसा करायचा, काय टाळायचं

नागपूर : उन्हाळा लागला की आपल्याकडे चहाचं गणित बिघडते. सकाळी वावरात जाताना चहा, दहा वाजता चहा, पाहुणा आला की पुन्हा चहा. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गरम चहा घशाखाली उतरत नाही. मग पोरं दुकानातून थंड पेयाची बाटली आणतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हात काहीतरी थंड लागतेच, त्यात पोरांची चूक नाही.

शहरातल्या हॉटेलात आता ‘हर्बल आइस टी’ नावाचं लाल पेय मिळते. पाकिटावर ‘हिबिस्कस’ लिहिलेलं असते. नाव ऐकून वाटते काहीतरी विलायती आहे. पण चहासाठी विकलं जाणारं हे हिबिस्कस म्हणजे बहुतेक वेळा आपली लाल अंबाडीच. कपाशी-तुरीच्या धुऱ्यावर उभी असते, भाजी करून खातो, बोंडांची चटणी करतो आणि उरलेली बोंडं उकिरड्यावर टाकतो, तीच ही अंबाडी.

मी स्वतः शेतकरी आहे. आमच्याही घरी बोंडं वायाच जात. पहिल्यांदा मी त्याचा चहा करायला घेतला तेव्हा माय म्हणाली, “हे काय करून राहिला बाप्पा? चटणीचा चहा?” आता उन्हाळ्यात तीच आधी विचारते, बरणीत किती बोंडं उरली.

हा चहा आहे की नाही?

खरं सांगायचं तर नाही. चहा म्हणजे चहाच्या झाडाची पत्ती. अंबाडी, गवती चहा, तुळस, पुदिना यांच्यात ती पत्ती नसते, म्हणून चहातलं कॅफिनही नसते. हा एक प्रकारचा काढाच, फक्त थंड करून प्यायचा.

जगात हे पेय नवं नाही. इजिप्तमध्ये याला करकदे म्हणतात, लग्नसमारंभात देतात. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये बिसाप, तर मेक्सिकोत हमायका. सगळी कडक उन्हाची मुलखं. आपल्याकडेही अंबाडीचं सरबत जुन्या बायका करतच होत्या. मधल्या काळात बाटल्या आल्या आणि ते मागं पडलं.

बोंडं कशी वाळवायची

सगळा खेळ इथंच आहे. अंबाडीचं फूल फिकट पिवळं असते, ते एका दिवसात गळते. त्यानंतर बियांच्या हिरव्या बोंडीभोवती जाड, आंबट, लाल पाकळ्या वाढतात. आपल्याला त्या पाहिजेत. दिवाळीनंतर थंडीत त्या तयार होतात. ज्यांच्या वावरात अंबाडी नाही त्यांना तेव्हा आठवडी बाजारात ताजी बोंडं मिळतात.

बोंडाचा देठाकडचा भाग चाकूने गोल कापायचा आणि आतली हिरवी बोंडी ढकलून बाहेर काढायची. या बोंडीवर बारीक कूस असते, ती हाताला आणि घशाला टोचते. म्हणून ती चहात टाकायची नाही. बियाण्यासाठी बोंडं झाडावरच पूर्ण पिकू द्यावी लागतात, तेवढी दोन-चार झाडं वेगळी ठेवा.

लाल पाकळ्या धुऊन, निथळून, खाटेवर स्वच्छ कापड टाकून सावलीत वाळवा. वरून पातळ लुगड्याचं कापड टाका, म्हणजे माशी-धूळ बसत नाही. चार-सहा दिवस लागतात. पापडासारखी कडकन मोडली पाहिजे. दहा किलो ताज्या पाकळ्यांच्या अंदाजे एक किलो सुक्या होतात.

पहिल्या वर्षी मी घाई केली. थोडी ओल राहिली तरी बरणीत भरली. फेब्रुवारीत झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. सगळी बरणी फेकली. बुरशी आलेला वरचा भाग काढून खालचा वापरू नका, सगळंच टाका.

करायची पद्धत (एक लिटर, चार-पाच ग्लास)

सामान : सुक्या पाकळ्या दोन मोठे चमचे भरून (साधारण १० ग्रॅम), गवती चहाची चार पानं, आल्याचा बोटभर तुकडा ठेचून, पुदिन्याची आठ-दहा पानं, चवीपुरती साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ.

१. अर्धा लिटर पाणी स्टीलच्या गंजात खळखळ उकळा. गवती चहाची पानं धुऊन, गाठ मारून टाका, आलं टाका. पाच मिनिटं उकळू द्या.

२. गॅस बंद करा. आता अंबाडीच्या पाकळ्या आणि पुदिना टाकून झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं, कारण वास वाफेबरोबर उडून जातो. दहा ते पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पाकळ्या फार वेळ उकळल्या तर चव तुरट होते.

३. गाळणीवर स्वच्छ सुती कापड टाकून गाळा. गरम असतानाच गूळ किंवा साखर आणि मीठ विरघळवा.

४. आता त्यात अर्धा लिटर प्यायचं थंड पाणी घाला. बर्फ टाकणार असाल तर हे पाणी कमी घ्या, कारण बर्फ वितळून चव पांचट होते.

गंज स्टीलचाच घ्या. अंबाडी आंबट आहे; ॲल्युमिनियम, बिनकल्हईचं पितळ-तांबं यांच्याशी आंबट पदार्थाचं जमत नाही. लोखंडाच्या भांड्यात तर रंगही काळपट होतो. आणि दूध टाकू नका, फाटेल.

अंबाडी नसेल तर? गवती चहाची आठ पानं, तुळशीची दहा पानं आणि आलं उकळून गाळा. थंड झाल्यावर लिंबू पिळा. लिंबू गरम पाण्यात पिळलं तर चव उतरते.

साखर किती? थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. आपल्या पूर्ण एक लिटर चहाला चार-पाच चमचे पुरतात. फरक तुम्हीच काढा.

फ्रीज नाही, लाइट नाही, मग?

झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. त्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवा. कापड वाळलं की पुन्हा ओलं करा. माठासारखाच थंडावा येतो. चहा थेट माठात मात्र ओतू नका. माठाच्या छिद्रांत रंग आणि गोडवा बसतो, मग माठाला वास येतो.

बाहेर ठेवलेला चहा चार-पाच तासांत संपवा. फ्रीजमध्ये दोन दिवस चालतो. फेस आला, बुडबुडे दिसले, आंबूस वास आला तर टाकून द्या.

मोबाइलवर एक रील फिरते : काचेच्या बरणीत पाणी-पत्ती टाकून दिवसभर उन्हात ठेवा, चहा तयार. तसं करू नका. उन्हात पाणी कोमट होते, उकळत नाही. तेवढ्या गरमीत जंतू मरत नाहीत, उलट वाढतात.

बर्फ पाहून घ्या

चहा कितीही चांगला करा, बर्फ खराब असला तर सगळं वाया. लग्नाकार्यात आणलेली बर्फाची लादी बहुतेक वेळा मासे, दूध, भाजी थंड ठेवायची असते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नियम केला की खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा. पण रंग नाही म्हणजे बर्फ चांगलाच असं धरू नका. तो कोणत्या पाण्याचा आहे, कशात आणला, हे विचारा. सगळ्यात बरं म्हणजे पाणी उकळून, थंड करून घरीच बर्फ जमवा. नाहीतर बर्फ आत न टाकता भांडं बाहेरून लादीवर ठेवा.

हे औषध नाही

हे सर्वात महत्त्वाचं. अंबाडीचा चहा तहान भागवतो, उन्हाचा झटका बरा करत नाही. उन्हात काम करताना चक्कर, मळमळ, पायात गोळे येत असतील तर माणसाला सावलीत आणा आणि ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप पाळा. अंग भट्टीसारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीच ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

अंबाडीने रक्तदाब थोडा उतरू शकतो. म्हणून बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायांनी टाळलेलंच बरं. ॲसिडिटी असणाऱ्यांनी उपाशीपोटी घेऊ नये. शुगर असेल त्यांनी गूळही टाकू नये. गूळ म्हणजे साखरच.

येत्या मृगात एक ओळ

यंदा बरणी रिकामी असेल तर गवती चहावर भागवा. पण जूनमध्ये तुरीसोबत धुऱ्यावर लाल अंबाडीची एक ओळ टाका. वेगळं खत नको, फवारणीही फारशी लागत नाही. पावसाळ्यात भाजी, हिवाळ्यात चटणी, उन्हाळ्यात चहा. बी घेताना लाल बोंडाच्या झाडाचंच घ्या. वाखासाठी लावतात त्या अंबाडीला अशी जाड लाल बोंडं येत नाहीत.

वावरात जाताना पाण्याच्या कॅनसोबत एक डबा हाही न्या. बाटलीचे पैसे वाचतील आणि मजुरांनाही आपल्या घरचं काही दिल्यासारखं होईल.