यंत्राची पाटी आणि तिचा कारभारी

सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापी खोऱ्यांतील गाडी नंदुरबार सोडून अमळनेरच्या वाटेस लागली, म्हणजे मध्यें दोंडाईचा हें स्टेशन येतें. धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यांतील हें गांव मिरचीच्या बाजारासाठीं खानदेशांत प्रसिद्ध आहे. अशा गांवांतील कित्येक घरांत आज भिंतीवर टांगलेली एक लहानशी पेटी आढळते. तिच्यावर दोनतीन दिवे लुकलुकत असतात. लोक तिला राऊटर म्हणतात. मुलांचा अभ्यास, अडत्याचे बाजारभाव, पुण्यामुंबईस गेलेल्या मुलाचें तोंड रोज संध्याकाळीं पाहणें, हीं सारीं कामें तिच्याच द्वारें होतात. उन्हाळ्याच्या एखाद्या दुपारीं ही पेटी आपल्या आज्ञावलीची नवी आवृत्ति उतरवून घेत असावी, आणि नेमकी त्याच क्षणीं वीज जावी. वीज परत येते, पंखे फिरूं लागतात, पेटीवरचा एक दिवाहि लागतो. पण पेटी कामाला लागत नाहीं. तारा शाबूत आहेत, जळल्याचा वास नाहीं, कोठें तडा नाहीं, आणि तरीहि ती मुकी झाली आहे. दुकानदार सांगतो, 'ही डेड झाली, नवी घ्या.'

हें म्हणणें पुष्कळदां खरें नसतें. पेटी मेलेली नसते. तिची पाटी अर्धवट पुसली गेलेली असते. ही पाटी म्हणजे काय, आणि तिच्यावर लिहिण्यापुसण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हें समजून घेतलें म्हणजे त्या मुकेपणाचें कारण कळतें, व पुष्कळदां त्यावरचा उपायहि सांपडतो.

राऊटर हा एक पुरता संगणकच असतो. संगणकाच्या सर्व भागांवर देखरेख ठेवणारी जी मूळ आज्ञावली, तिला कर्नेल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. अशा पुष्कळ पेट्यांत लिनक्स नांवाचा कर्नेल असतो. फिनलंडमधील लिनुस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला, आणि पुढें जगांतील हजारों लोकांनीं त्यांत भर घातली. त्याचा मजकूर कोणासहि वाचतां येतो व बदलतां येतो. हा कर्नेल वीज गेल्यावरहि टिकून राहावा म्हणून तो एका नखाएवढ्या चिपमध्यें साठविलेला असतो. ती चिप म्हणजे फ्लॅश स्मृति होय.

फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं लावला, व १९८४ सालीं सान फ्रान्सिस्को येथील परिषदेंत तो जगापुढें मांडला. चिपमधील मजकूर एका झटक्यांत पुसला जातो, हें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि त्यावरून तिला 'फ्लॅश' हें नांव पडलें. तिची रचना अशी कीं, प्रत्येक घरांत चोहोंकडून विजेस अटकाव करणारें वेष्टन घातलेला एक कप्पा असतो, व त्या कप्प्यांत कांहीं इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतां येतात. कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाल्यावरहि वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. कप्पा रिता असला तर १ समजावयाचा, भरलेला असला तर ०. कालांतरानें त्यांची गळती होते, व उष्णतेनें ही गळती वाढते; म्हणून खानदेशच्या उन्हांत तापलेल्या भिंतीवर अशी पेटी टांगणें चांगलें नाहीं.

या चिपचा एक स्वभाव आहे, आणि पुढील सर्व खटाटोप त्या एका स्वभावापायीं आहे. ती शाळेंतील दगडी पाटीसारखी आहे; परंतु अशी पाटी कीं, जिच्यावरचें एक अक्षर बोटानें पुसतां येत नाहीं. लिहितांना हवें तेवढेंच लिहावें. पुसावयाचें तर ओलें फडकें सबंध पाटीवरूनच फिरवावें लागतें. १ चा ० सुटासुटा करतां येतो, पण ० चा पुन्हां १ करावयाचा तर तो सारा खंडच्या खंड पुसावा लागतो. नेहमींच्या एका प्रकारच्या चिपमध्यें असा खंड १ लक्ष ३१ हजार ७२ बाइटांचा असतो. एक बाइट म्हणजे रोमन लिपींतील एका अक्षरापुरती जागा. शिवाय पाटी घासून घासून झिजते. चांगल्या प्रतीचा खंड सुमारें एक लक्ष वेळां पुसतां येतो, हलक्या प्रतीचा कांहीं हजार वेळांच. त्यानंतर त्याचा भरंवसा उरत नाहीं.

फ्लॅशच्या दोन मुख्य जाती आहेत. 'नॉर' जातीच्या चिपमधील कोणतेंहि अक्षर थेट वाचतां येतें. पण ती महाग पडते व तिच्यावर लिहिण्यास वेळ लागतो. 'नँड' ही जात मासुओका यांनींच १९८७ सालीं पुढें आणली. ती स्वस्त व विशाल असते, पण तिच्यांतील मजकूर पानापानानें वाचावा लागतो, आणि कारखान्यांतून येतांनाच तिच्यांतील कांहीं खंड निकामी असूं शकतात. कारखाना त्या खंडांवर तशी खूण करून ठेवतो. ती खूण न वाचतां जो लिहील, त्याचा मजकूर चाळणींत ओतलेल्या पाण्यासारखा वाहून जाईल.

अशा चमत्कारिक पाटीशीं व्यवहार करण्यासाठीं कर्नेलनें एक कारभारी नेमलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्यें या कारभाऱ्यांचें एक वेगळें खातें आहे. त्याचें नांव एमटीडी. डेव्हिड वुडहाऊस या इंग्रज तज्ज्ञाचा त्याच्या उभारणींत मोठा वांटा आहे. कर्नेल तयार करतांना हें खातें त्या त्या पेटीला जुळेल असें बसवून द्यावें लागतें. तें बसविणें म्हणजे कारभाऱ्याच्या हातीं तीन प्रश्नांचीं खरीं उत्तरें लिहून देणें होय: चिप कोठें आहे, ती कोणती आहे, आणि तिच्यावरील जागेची वांटणी कशी आहे.

पहिला प्रश्न ठिकाणाचा. थेट जोडलेल्या नॉर चिपच्या बाबतींत तिचा आरंभ कोणत्या क्रमांकापासून होतो, तिची लांबी किती, आणि एका वेळीं किती बाइट रुंदीनें ती वाचावयाची, हे तीन आंकडे सांगावे लागतात. यांत एक आंकडा चुकला, तर चिप असूनहि कारभाऱ्यास ती दिसत नाहीं. पत्ता चुकलेल्या पोस्टमननें 'घरांत कोणी नाहीं' असा शेरा मारावा, तसाच हा प्रकार होय.

दुसरा प्रश्न ओळखीचा. पूर्वीच्या चिपा मुक्या असत. कारभारी त्यांस फक्त कारखान्याचा व जातीचा क्रमांक विचारी, आणि मग आपल्या वहींतील यादींत तो क्रमांक शोधी. यादींत नसलेली चिप त्यास परकीच. पुढें इंटेल, एएमडी वगैरे कंपन्यांनीं एक सामाईक रीत ठरविली. तिला सीएफआय म्हणतात. या रीतीप्रमाणें एका ठराविक घरीं ठराविक संख्या पाठविली कीं, चिप 'क्यू, आर, वाय' हीं तीन अक्षरें उच्चारून आपली आकारमानासह सर्व माहिती स्वतःच सांगते. आजच्या पुष्कळ राऊटरांत आठ पायांची चिप असते, व तिला विचारतां ती तीन संख्यांत उत्तर देते. तैवानच्या विनबाँड कंपनीची एक चिप 'ईएफ, ४०, १८' असें सांगते. यांतील पहिली संख्या कारखान्याची. शेवटची संख्या सोळाच्या पाढ्यानें मोजावयाची असते, म्हणजे ती २४ होते. आणि २ चा २४ वा घात म्हणजे १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ बाइट, एवढीच त्या चिपची धारणाशक्ति. तेव्हां ओळखीचें काम अंदाजानें करण्याचें कारण उरत नाहीं. चिपलाच विचारावें, हें उत्तम.

येथें एक साधी चूक वारंवार होते. कर्नेल तयार करणाऱ्यापुढें प्रत्येक ड्रायव्हरबाबत तीन पर्याय असतात: तो मुळींच न घेणें, कर्नेलच्या अंगांतच मिसळून टाकणें, किंवा बाजूस ठेवून गरज पडेल तेव्हां बोलावणें. तिसरा पर्याय काटकसरीचा म्हणून मोहक वाटतो. परंतु बाजूस ठेवलेला ड्रायव्हर ठेवावयाचा कोठें? त्याच फ्लॅश चिपवर! कर्नेल जागा होतो, चिप उघडूं पाहतो, तों चिप उघडणारा कारभारी चिपच्याच आंत बंद असल्याचें त्यास आढळतें. पेटीची किल्ली पेटींतच ठेवून कुलूप लावावें, तशी ही गत होय. ज्या चिपवर संसार आहे, तिचा कारभारी कर्नेलच्या अंगांतच असला पाहिजे.

तिसरा प्रश्न वांटणीचा, आणि खरा धोका येथेंच आहे. गांवच्या नकाशावर जशा शेताच्या बांधांच्या रेषा, तशा चिपवरहि सीमा आंखलेल्या असतात. पहिल्या तुकड्यांत बूटलोडर, म्हणजे कर्नेलला झोपेंतून उठविणारी छोटी आज्ञावली, दुसऱ्यांत कर्नेल, तिसऱ्यांत इतर सर्व फायली, आणि पुष्कळ पेट्यांत एका कोपऱ्यांत एक लहानसा तुकडा, ज्यांत त्या पेटीच्या बिनतारी यंत्राची जुळवणी व तिचा स्वतःचा क्रमांक नोंदलेला असतो. चिपवर या सीमा कोरलेल्या नसतात. त्या केवळ कारभाऱ्यास दिलेल्या कागदावर असतात. कागद चुकला, तर कारभारी इमानेंइतबारें दुसऱ्याच्याच शेतांत नांगर घालतो. कर्नेलचा तुकडा पुसला गेला तर तो पुन्हां लिहितां येतो. परंतु जुळवणीची ती नोंद कारखान्यांत त्या एकाच पेटीचें मोजमाप करून लिहिलेली असते. ती गेली, तर शेजारच्या घरांतील तशाच पेटींतून उतरवून घेतलेली नोंदहि तिच्या कामास नीट येत नाहीं. म्हणून शहाणा तज्ज्ञ बूटलोडर व ही नोंद या दोहोंच्या तुकड्यांवर 'केवळ वाचनासाठीं' असा शेरा कागदांतच लिहून ठेवतो.

नँड चिपच्या बाबतींत आणखी एक पथ्य आहे. तिच्यांतील एखादें अक्षर आपोआप बदलतें, म्हणून प्रत्येक पानाच्या कडेस पडताळ्याच्या संख्या लिहाव्या लागतात. २ हजार ४८ बाइटांच्या पानास बहुधा ६४ बाइटांची कड असते. या संख्या बूटलोडरनें एका हिशेबानें लिहिल्या व कर्नेलनें दुसऱ्या हिशेबानें वाचल्या, तर निर्दोष मजकूरहि सदोष ठरतो. दोन मुनीम एकाच खतावणींत दोन रीतींनीं बेरीज करूं लागल्यास दुसरें काय होणार?

आतां त्या दुपारच्या वीज जाण्याकडे वळावें. साध्या रीतीनें लिहिणारा, खंड पुसून त्याच जागीं नवा मजकूर लिहितो. पुसणें झालें आणि लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर जुनेंहि गेलें आणि नवेंहि नाहीं. यासाठीं स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीनें १९९९ च्या सुमारास जेएफएफएस नांवाची मांडणी काढली, व वुडहाऊस यांनीं २००१ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति सिद्ध केली. तिच्यांत नवा मजकूर नेहमीं कोऱ्या जागेवर लिहिला जातो, आणि तो पुरा झाल्यावरच जुना रद्द समजला जातो. मोठ्या नँड चिपांसाठीं २००८ सालीं यूबीआयएफएस ही मांडणी लिनक्समध्यें आली. तिच्या खालीं असलेला यूबीआय हा थर झीज सर्व खंडांवर सारखी वांटतो. पण स्वतः कर्नेलचाच तुकडा बदलत असतांना वीज गेली, तर या मांडण्याहि हतबल होतात. तेथें शाबूत राहिलेला बूटलोडर हाच एक तारणहार.

तो शाबूत असेल, तर 'डेड' पेटी उठते. २००३ सालीं लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राऊटरांत लिनक्स असल्याचें उघड झालें, व परवान्याच्या अटीप्रमाणें त्याचा मजकूर प्रसिद्ध करणें भाग पडलें. त्याच आधारावर २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. निरनिराळ्या कंपन्यांच्या पुष्कळ राऊटरांचे चिपनकाशे त्यांत सर्वांस वाचावयास मिळतात. ज्या पेटीचा नकाशा असा उपलब्ध आहे, ती दुरुस्त करण्यास कारखान्यापर्यंत जावें लागत नाहीं. पेटी उघडून आंतील तीन बारीक टोकांस तार जोडावी, बूटलोडरशीं बोलावें, आणि योग्य तुकड्यांत कर्नेल पुन्हां लिहावा. हें काम दोंडाईच्याच्या बाजारपेठेंतील एखादा चौकस कारागीरहि करूं शकेल. ज्या पेटीचा नकाशा कंपनीनें गुप्त ठेवला आहे, ती मात्र त्याच कारागिराच्या हातांत कचरा ठरते. दोन्हींतील चिप एकच असूं शकते. फरक केवळ माहितीचा.

म्हणून गृहस्थानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नवी आज्ञावली उतरत असतांना पेटीस अखंड वीज मिळेल अशी तजवीज करावी. आणि कोणी कारागीर पेटींत कांहीं लिहूं लागला, तर आधीं सबंध चिपची नक्कल उतरवून ठेवण्यास त्यास सांगावें. कारागिरानें त्याचा राग मानूं नये. जी पाटी एक अक्षर पुसूं देत नाहीं, तिच्यावर हात फिरविण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिलें आहे हें वाचून घेणें, हाच या सर्व विद्येचा पहिला धडा आहे.