ओमाहाचे पशुविनिमय भवन

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिण भागात एक अकरा मजली इमारत उभी आहे. तिला पशुविनिमय भवन म्हणतात. आज तिच्याभोवती एकही गुरांचा वाडा नाही. एके काळी मात्र तिच्या खिडकीतून पाहिले, की दूरवर पसरलेले कुंपणांचे वाडे आणि त्यांतील गुरे, डुकरे व मेंढ्या दृष्टीस पडत.

येथील पशुबाजाराची स्थापना १८८३ साली झाली. पश्चिमेकडील विस्तीर्ण कुरणांवर पोसलेली जनावरे आगगाडीने येथे येत. ती उतरवून घेताच त्यांना वाड्यात नेऊन चारापाणी देत. दूरच्या शेतकऱ्याला या बाजाराची आणि तेथील भावाची माहिती कोठून असणार? म्हणून तो आपली जनावरे अडत्याच्या स्वाधीन करी. मांसाच्या कारखान्यांचे खरेदीदार वाड्यांतून हिंडत आणि अडत्याशी भाव ठरवीत. हा सौदा तोंडीच होई. मग जनावरांचे वजन केले जाई. अडत आणि चाऱ्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम शेतकऱ्यास मिळे. त्याच्या दीर्घ कष्टांचे मोल असे दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असे. म्हणूनच दिलेला शब्द पाळणे, हीच या बाजारातील खरी पत होती.

हा वाढता व्यवहार सांभाळण्यासाठी १९२६ साली हे भवन बांधण्यात आले. जॉर्ज प्रिन्झ हे त्याचे वास्तुशिल्पकार. त्यात कचेऱ्या, तारघर, उपाहारगृह व सभागृह तर होतेच; शिवाय मुक्कामासाठी खोल्याही होत्या. १९५५ साली ओमाहाने शिकागोलाही मागे टाकले आणि येथील पशुबाजार अमेरिकेत सर्वांत मोठा ठरला.

परंतु पुढे मालमोटारींची वाहतूक वाढली. जनावरे आगगाडीने मोठ्या शहरी आणण्याची गरज उरली नाही. मांसाचे कारखाने पशुपालकांच्या जवळ, लहान गावी गेले आणि त्यांच्याकडून थेट खरेदी करू लागले. आगगाडीने जो बाजार वसवला, तो तिचे महत्त्व कमी होताच ओसरू लागला. १९९९ साली तो कायमचा बंद झाला व वाडे पाडण्यात आले.

त्याच वर्षी या भवनाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली आणि ते टिकून राहिले. आता तेथे कुटुंबे राहतात व आरोग्यकेंद्रही चालते. बाजार गेला, तरी त्याची साक्ष देणारी वास्तू अशा रीतीने पुन्हा माणसांच्या उपयोगी पडत आहे.