अल्फा कण मागे का फिरला?

'अणुकेंद्रकावर धनप्रभार असतो, हे रदरफर्ड यांच्या प्रयोगातून कसे कळते?' एका शिक्षक-शिबिरात मी विचारले. उत्तर लगेच आले, 'अल्फा कण धनप्रभारित असतात. काही कण उलट फिरले, म्हणजे त्यांना धनप्रभारानेच मागे ढकलले असणार.' बहुतेकांना हे पटले. पण नुसत्या त्या प्रयोगातून हा निष्कर्ष निघत नाही.

१९०९ साली मँचेस्टर येथे हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडत होते. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की बारीकशी चमक दिसे. अंधारात सूक्ष्मदर्शकातून या चमका एकेक करून मोजायच्या. प्लॅटिनमवरून सुमारे ८००० कणांपैकी एक मागे येतो, असे त्यांना आढळले.

त्या वेळी अणूचे थॉमसन यांनी सुचवलेले चित्र प्रचलित होते: धनप्रभार अणुभर पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. अशा अणूंमधून जाताना कणाला लहान लहान धक्के बसतील. पण ते सारे एकाच बाजूला पडून कण उलट फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी दाखवले, की एकाच टकरीत कण फिरायचा तर प्रभार अतिशय लहान जागेत एकवटलेला हवा. त्यांचे सूत्र गायगर व मार्सडन यांनी १९१३ मध्ये पडताळले.

या सूत्रात केंद्रावरील प्रभाराचा वर्ग येतो. वर्ग केला की धन-ऋण हा भेद उरत नाही! धूमकेतू आठवा. सूर्य त्याला ढकलत नाही, ओढतो. तरी तो वळसा घालून जवळजवळ आल्या दिशेलाच परततो. केंद्र ऋणप्रभारित असते तर अल्फा कणही तसाच परतला असता आणि मोजणी तीच आली असती. रदरफर्ड यांनी १९११ च्या लेखात हे स्पष्ट लिहिले आहे.

मग चिन्ह ठरवायचे कसे? गोटीवर आपटून क्रिकेटचा चेंडू मागे फिरत नाही. कण परतवणारे केंद्र त्याच्याहून जड हवे. सोन्याच्या अणूतील सर्व ७९ इलेक्ट्रॉन एकत्र केले, तरी वस्तुमान अल्फा कणाच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकेच भरते. म्हणजे ऋणप्रभार हलक्या इलेक्ट्रॉनांकडे आहे. अणू उदासीन असल्याने उरलेला जड भाग धनप्रभारित ठरतो. इथे इलेक्ट्रॉनवरचे आधीचे प्रयोग मदतीला येतात.

वर्गात निष्कर्ष सांगताना एवढे विचारावे: हे नेमक्या कोणत्या मोजमापावरून कळले?